कमानीच्या विटा

अठ्ठ्याहत्तर साली आमच्या वस्तीत कोणालाही विचारलं असतं की इथली सगळ्यात दुष्ट सून कोण, तर त्यानं सरळ माझं घर दाखवलं असतं. मी, प्रेमिला, सासूला घरात कोंडून ठेवते, विहारात जाऊ देत नाही, चार बायांत बसू देत नाही, असं नळावर बोललं जायचं. मी घागर घेऊन आले की सगळ्या गप्प, आणि मी पाठ फिरवली की पुन्हा सुरू. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण सांगायची सोय नव्हती. सासूनं माझ्याकडून शब्द घेतला होता. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. अशा बाईला वर्षभर गप्प बसायला लावणं ही केवढी शिक्षा आहे, हे माझं मला माहीत.

खरी गोष्ट अगदी साधी होती. माझ्या सासूला, सुभद्राबाईंना, लघवी धरवत नव्हती.

एकामागून एक बाळंतपणं आणि जन्मभर मांडी घालून विड्या वळणं, याचा परिणाम दुसरा काय होणार? घरात असल्या तर काही अडत नव्हतं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात मागच्या बाजूला न्हाणी होती, वाटलं की चार पावलांवर आडोसा. पण विहारात असा आडोसा कुठेच नव्हता. वस्तीचे संडास नाल्यापलीकडे, तिथे जायचं तर चिखल तुडवत जायचं, आणि तिथे पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जायचं. ज्यांनी विहार बांधला त्यांनी मूर्तीसाठी ओटा केला, चपलांसाठी फळी केली, लाउडस्पीकरला खांब उभा केला. माणसाला पोट असतं आणि पोटाखाली आणखी काही असतं, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आमच्याकडे पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास असतो. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. वाचायचे नत्थूजी, मिलमधून रिटायर झालेले आणि विहार कमिटीचे अध्यक्ष. वाचन चालू असताना मधून उठायचं नाही, असा दंडक होता. कोणी घातला होता कोण जाणे, पण पाळायचे सगळे. वाचन संपलं की त्रिसरण-पंचशील सांगायचं काम माझ्या सासूचं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं. अक्षराची ओळख नाही, पण उच्चार असे स्वच्छ की भन्तेजींनीसुद्धा मान हलवावी. त्या पुढे म्हणायच्या आणि मागून सगळ्या बाया. दिवसभर सुपात तेंदूची पानं घेऊन वाकलेली बाई त्या वेळी ताठ बसायची. तीच त्यांची ऐट होती आणि ती त्यांना शोभायची.

आदल्या वर्षीच्या वर्षावासात एका संध्याकाळी त्या वाचनाच्या मध्येच उठल्या. पांढरं पातळ मागून मुठीत धरलं आणि भराभरा बाहेर पडल्या. मी मागे धावले. गल्लीच्या तोंडाशी त्या भिंतीला टेकून रडत होत्या. पातळ ओलं झालं होतं. घरी आणलं, पातळ धुतलं, दोरीवर टाकलं.

"अनंतले सांगू नको," त्या म्हणाल्या. अनंत म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. "कोणालेच सांगू नको. माया लेकाले हे समजलं ना, तं मी कामठीले भावाकडे निघून जाईन. वापस येणार नाही."

मी हो म्हटलं. त्या वेळी कोणीही हो म्हटलं असतं.

आता योगायोग असा की त्याच संध्याकाळी महिला मंडळाच्या अध्यक्षा कौशल्याबाईंनी मूर्तीपुढची मेणबत्ती मंडळातल्याच सिंधूताईंना लावायला सांगितली होती. एरवी तो मान माझ्या सासूचा. मेणबत्ती दुसरीनं लावली आणि सुभद्राबाई मध्येच उठून गेल्या, लोकांना आणखी काय पाहिजे? सुभद्राबाई रुसल्या, असं सगळ्या वस्तीनं ठरवून टाकलं.

आणि रुसलेल्या माणसाला मनवायचं कसं, हे आमच्या वस्तीला फार चांगलं येतं. आधी कौशल्याबाई डबाभर सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, घेऊन आल्या. त्या माझ्या सासूच्या बरोबरीच्या, दोघींनी तरुणपणी एकाच ओसरीवर बसून विड्या वळलेल्या. बाई आडव्या अंगाची आणि आवाज दोन गल्ल्या ओलांडून जाणारा.

"मेणबत्तीचं मनावर घेऊ नको वं सुभद्रे," त्या म्हणाल्या. "आजपासून मेणबत्ती तुयीच."

"मले राग नाही आला बाई."

"राग नाही तं येत काहून नाही?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी भिंतीकडे. "गुडघे दुखते," त्या शेवटी म्हणाल्या.

झालं. पुढच्या रविवारी दारात सायकलरिक्षा उभी. विहार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मंडळानं रिक्षा पाठवली. रिक्षावाला घंटी वाजवत बसला, आजूबाजूची सगळी घरं दारात आली, आणि माझी सासू आत न्हाणीशेजारी भिंतीला पाठ लावून बसली. बाहेर जाऊन रिक्षावाल्याला परत पाठवायचं काम माझ्या वाट्याला आलं. "बाई नाही येत म्हणते," मी म्हटलं. "बाई नाही येत, का बाईले येऊ देत नाही?" शेजारच्या इंदूबाईनं मला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात विचारलं.

त्यानंतर बुद्धपौर्णिमेला तर मंडळानं कहरच केला. सुभद्राबाई प्रमुख पाहुण्या! स्टेजवर भन्तेजींच्या जवळ खुर्ची, गळ्यात हार, छप्पन सालची आठवण सांगायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत सगळ्या वस्तीसमोर बसून राहायचं. जितका मान मोठा तितकी खुर्ची पुढे, आणि जितकी खुर्ची पुढे तितकं उठणं अवघड. हे त्यांना कोण सांगणार? कौशल्याबाई मोठ्या आनंदानं निरोप घेऊन आल्या आणि मला माझ्या सासूच्या चेहऱ्यावर चक्क भीती दिसली. जायचं नव्हतंच, तरी पौर्णिमेच्या दिवशी त्यांनी सकाळपासून चहा घेतला नाही.

त्यांनी नाही म्हटलं. असल्या मानाला कोणी नाही म्हणतं का? म्हणजे म्हातारीची काही चूक नाही, सूनच आडवी येते, असं नळावर नक्की झालं. तेव्हापासून माझ्या घागरीला रांगेत कोणी जागा देईना.

मला लोकांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर सासूचाही यायचा. संध्याकाळी लाउडस्पीकर सुरू झाला की त्या खिडकीजवळ जाऊन बसायच्या. पंचशील आता सिंधूताई सांगत. एका ठिकाणी त्या हमखास अडखळायच्या आणि इकडे माझी सासू कपाळाला हात लावायची, "पुन्हा चुकली." मग स्वतः ओठांतल्या ओठांत सगळं बरोबर म्हणायच्या. हळूहळू तेही थांबलं. वेणी घालायला मी मागे लागायची. दिवसा झोपायच्या, बोलायच्या कमी. ज्या घरात पूर्वी विड्यांच्या पानांबरोबर अख्ख्या वस्तीच्या बातम्या यायच्या, तिथे आता माझ्या शिलाई मशीनचा आवाज तेवढा राहिला.

"दवाखान्यात चला," मी म्हणायची.

"तिथं बाप्या डॉक्टर आहे. त्याले काय दाखवू?"

"मग कार्पोरेशनच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात चला. तिथं बाई डॉक्टर आहे."

"दोन बस बदला लागते. तुया बसमंदी न्हाणी आहे का?"

एकदा मी फारच चिडले, म्हटलं, मग काय जन्मभर या खिडकीत बसणार का? त्या शांतपणे म्हणाल्या, "आता विहारासमोरून एकदाच जाईन वं. चौघांच्या खांद्यावर." मी मशीन थांबवलं आणि मागे जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

उन्हाळा संपत आला. पुढचा वर्षावास तोंडावर आला होता आणि विहाराच्या पटांगणात नवीन विटांची थप्पी लागली होती. नत्थूजींना विहाराला कमान बांधायची होती. वर चक्र, दोन्ही बाजूंना कमळं, कामठी रोडवरच्या बसमधूनसुद्धा दिसावी अशी. विटा कोणीतरी दान दिल्या होत्या आणि नत्थूजी रोज सकाळी त्यांच्याभोवती एक फेरी मारून येत.

अशातच एका सकाळी कौशल्याबाईंनी नळावर मला सगळ्यांसमोर अडवलं. "रविवारी वंदना झाली का विहारात थांबजो. तुया नवऱ्यालेबी घेऊन ये. कमिटीनं बोलावलं आहे."

"कायले?"

"कायले ते तुले माहीत नाही? वस्तीतली बाई डोळ्यांसमोर वाळून राहिली अन् आमी पाहात बसू का?"

आमच्या वस्तीत ही रीत आहे. घरातलं भांडण पोलिसात न्यायचं नाही, विहारात कमिटीसमोर न्यायचं. दारुड्या नवऱ्यांना तिथे उभं केलं होतं, वाटणीवरून भांडणाऱ्या भावांना केलं होतं. सुनेला उभं करायची पहिली वेळ माझी होती.

दुपारी आमचे हे हिंगण्याहून पहिली पाळी करून आले, तर कंपनीच्या बसमधून उतरतानाच त्यांना बातमी मिळालेली. जेवताना मान खाली घालून म्हणाले, "तू आईले कधी काही बोलली का? नाही म्हणजे, रागात?" माझ्या हातातली पळी तशीच राहिली. वस्ती काय म्हणते ते मी कानाआड केलं होतं. पण हा माणूस रोज त्याच घरात जेवत होता. सासूबाई पलीकडच्या खोलीत होत्या, त्यांनी ते ऐकलं की नाही मला कळलं नाही.

रविवारी निघताना मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मी चालली," मी म्हटलं. "तिथं मले जे म्हणतील ते म्हणू द्या. मी तोंड उघडणार नाही. शब्द दिला आहे ना तुमाले!" हे मी काही प्रेमानं म्हटलं नव्हतं. रागानं दात-ओठ खाऊन म्हटलं होतं.

वंदना झाली. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, मधे मी. नत्थूजींनी चष्मा पुसला. माणूस सभ्य होता, त्यांनाही हे जड जात होतं.

"प्रेमिलाबाई, हे काही कोर्ट नाही," ते म्हणाले. "पण सुभद्राबाईनं या विहाराची पायरी सोडून वरीस होत आलं. तिच्यासाठी आमी रिक्षा पाठवली, मान दिला, सगळं केलं. ती काहून येत नाही, तेवढं तुमी सांगा."

मी गप्प.

"घरात काही भांडण आहे का?"

मी गप्प.

"आता काहून मुकी झाली वं?" कौशल्याबाई म्हणाल्या. "नळावर तं मोठी टुरटुर बोलत असते."

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. मी पदराचं टोक दातात धरलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र मला आवरलं नाही. आमचे हे खाली सतरंजीकडे बघत होते. तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"माया सुनेले कोणी काही म्हणू नका."

सासूबाई दारात उभ्या होत्या. घरातलंच विटकं लुगडं, केस तसेच, चौकटीला धरून धापा टाकत. लोक बाजूला सरले. कौशल्याबाई उठून हात द्यायला गेल्या तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"मले इथूनच बोलू द्या. आत येऊन बसली तं माया भरवसा नाही." त्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मग नत्थूजींकडे बघून म्हणाल्या, "मले मूत धरवत नाही, नत्थूजी. त्या दिवशी मी मेणबत्तीसाठी नाही उठली. पातळ ओलं झालं होतं म्हणून उठली. ही मायामागं धावली, हिनं ते धुतलं. मी म्हणलं कोणाले सांगू नको, तं हिनं नवऱ्यालेबी नाही सांगतलं. वरीसभर तुमच्या शिव्या खाल्ल्या. अन् आज तुमी हिले इथं उभी केली."

बाहेर पटांगणात खेळणाऱ्या पोरांचा आवाज स्पष्ट यायला लागला. आमचे हे उठले, आईजवळ गेले आणि काय करावं ते न सुचून नुसते तिचा हात धरून उभे राहिले. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर बघून मी त्यांना तिथल्या तिथे माफ करून टाकलं, तरी पुढे पुष्कळ दिवस तसं कळू दिलं नाही.

कौशल्याबाई अजून उभ्याच होत्या. त्या मटकन खाली बसल्या. "माय वं!" त्या म्हणाल्या. "अन् मी काय करतो? रविवारी दुपारपासून पाण्याचा घोट घेत नाही मी. घसा कोरडा पडते, पण वंदना होऊन घरी जाईपर्यंत पाण्याले शिवत नाही. मले वाटे मीच एकटी अशी."

"मी बी नाही पीत," मागून सिंधूताई म्हणाल्या. मग एकदम सगळ्यांना आठवलं की बुद्धपौर्णिमेला सिंधूताई चक्कर येऊन पडल्या होत्या, आणि आम्ही सगळ्यांनी उन्हाला दोष दिला होता. त्यांच्या पलीकडची एक म्हातारी काही बोलली नाही, पण पदर तोंडावर घेऊन मान हलवायला लागली. तिच्याशेजारचीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाप्ये छताकडे, पंख्याकडे, घड्याळाकडे बघत होते. मला वर्षभरात पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

आणि मग माझं तोंड सुटलं. शब्दातून मोकळी झाले होते ना! "म्हाताऱ्यांसाठी रिक्षा पाठवता," मी म्हटलं, "हार घालता, स्टेजवर बसवता. एक मोरी नाही बांधली तुमच्यानं! कमान बांधून राहिले! त्या कमानीतून येईन कोण?"

"विहाराच्या आवारात संडास?" मागून कोणीतरी कुरकुरलं. नत्थूजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"आवाराचं मले काही नाही," ते म्हणाले. "माणसाचं शरीर आहे, त्यात विटाळ कायचा? पण एक सांगा. संडास बांधला तं मैला कोण उचलणार? टोपलीचा संडास इथं होणार नाही. आपल्या बापजाद्यांनी लोकांचं जे नाही ते उपसलं. आता आपल्या विहारासाठी दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर आपण टोपलं देणार का? मी असेपर्यंत तं नाही."

यावर मलाही मान हलवावी लागली. कारण ते खरं बोलत होते. सासूबाईंनीही मान हलवली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तसं असन तं मी घरीच बरी." आणि त्या खरंच मागे वळल्या.

"थांब आई," आमचे हे म्हणाले. एरवी सभेत त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. "आमच्या कंपनीत तसा नाही. पाण्याचा आहे. खाली सिमेंटची टाकी असते, सगळं तिच्यात जाते. कोणाले हात लावा लागत नाही. टाकी भरली का कार्पोरेशनची गाडी येते अन् पंपानं ओढून नेते."

"गाडी येते? पक्कं?"

"मी डोळ्यानं पाह्यली, नत्थूजी."

नत्थूजींनी दारातून बाहेर बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, कारण विटा तिथेच होत्या. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर त्या कमानीचं चक्र, कमळं, सगळं येऊन गेलं असावं. मला त्यांची थोडी कीवही आली.

"कमान पुढच्या सालीबी होईन," ते म्हणाले. "पाया आखा गा उद्या. अन् दारं दोन ठेवजा. बाप्यांचंबी वय होते."

त्यावर कोणी हसलं नाही. पण बाप्यांच्या बाजूला दोन-तीन म्हाताऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला मी स्वतः ऐकला.

बांधकाम सोपं होतं. अवघड होतं कार्पोरेशनकडून नळाचं कनेक्शन मिळवणं. तिथे मी आणि कौशल्याबाई जायचो. वर्षभर जी बाई मला नळावर पाण्यात पाहत होती, तिच्याच शेजारी बाकावर बसून मी डब्यातली भाकर खाल्ली. तिनं माझी माफी मागितली नाही, कारण ते तिच्या स्वभावात नव्हतं. पण ऑफिसातल्या साहेबानं उद्या या म्हटलं की ती जो आवाज काढायची, त्यात माझ्याबद्दलचा पश्चात्तापही असावा असं मी समजून घेतलं. साहेबालाही लवकरच कळलं की या दोघींना कनेक्शन देऊन टाकणंच स्वस्त आहे.

तिथूनच आम्ही बाळंतपणाच्या दवाखान्यात गेलो आणि सत्यवती डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. "त्यांना इकडं आणता येत नसेल तर मी तिकडं येते," त्या म्हणाल्या. इतकं सोपं होतं ते. आम्हाला वाटत होतं, विचारलं तर हसतील. विहारात एका कोपऱ्यात चादरी बांधून आडोसा केला आणि त्यांनी दुपारभर वस्तीतल्या म्हाताऱ्या तपासल्या. माझ्या सासूचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकलं होतं. त्यांना आतून आधाराची एक रिंग बसवली आणि त्यानं बराच फरक पडला. बाकीच्यांना औषधं दिली, व्यायाम सांगितले, आणि पाणी तोडल्याबद्दल सगळ्यांना एकजात रागावल्या. कौशल्याबाईंना कोणी रागावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दृश्य फार छान होतं. पुढे डॉक्टरीणबाई दर महिन्याला यायला लागल्या.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, तोवर विहाराच्या बाजूला दोन दारांचा संडास उभा राहिला होता. सासूबाईंनी दुपारीच वेणी घालून घेतली. पेटीतून पांढरं पातळ काढलं, हातात घेऊन जरा वेळ बसल्या, मग नेसल्या. वाटेत माझा हात घट्ट धरला होता. "झालंच तं?" त्या म्हणाल्या. "झालं तं झालं," मी म्हटलं. "उठून जा. आता कुठं जायचं ते तं माहीत आहे." विहारात बाया सरकल्या आणि त्यांना त्यांची पुढची जागा दिली. कोणी हार घातला नाही की भाषण केलं नाही, एवढी अक्कल मंडळाला आली होती.

वाचन सुरू झालं. नत्थूजींचा आवाज लागला होता. मी ग्रंथातलं काहीच ऐकत नव्हते, माझं सगळं लक्ष पुढच्या पाठीकडे होतं. निम्मं वाचन झालं असेल, ती पाठ जराशी हलली. मग पुन्हा हलली. रिंग बसली म्हणून सगळंच काही जादूनं बरं होत नाही. उठा, मी मनात म्हणत होते, उठा ना!

त्या उठल्या. सगळ्या वस्तीसमोर, वाचनाच्या मधोमध. गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठल्या, पातळ मागून मुठीत धरलं नाही, आणि बायांच्या मधून वाट काढत बाजूच्या दारानं बाहेर गेल्या. नत्थूजींचं वाचन थांबलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं शांतपणे चष्मा काढून धोतराला पुसायला लागले. एवढा स्वच्छ चष्मा मी कधी पाहिला नाही. कोणी मागे वळून बघितलं नाही, कोणी खाकरलं नाही. बाहेर नळाची तोटी सुरू झाली आणि बंद झाली.

"थांबा गा नत्थूजी, मी बी येतो जाऊन," कौशल्याबाई म्हणाल्या आणि उठल्या. तेव्हा मात्र सगळा विहार हसला, नत्थूजीही हसले.

सासूबाई परत आल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि पदर नीट केला. वाचन पुढे चाललं. शेवटी त्यांनी त्रिसरण सुरू केलं. पहिल्या शब्दाला आवाज थोडा कापला, दुसऱ्याला सावरला, आणि पुढे तोच जुना स्वच्छ उच्चार. मागून सगळ्या बायांचा आवाज उठला. मला म्हणता येईना. मी नुसती रडत होते, आणि लोकांनी बघितलं तरी मला त्याची पर्वा नव्हती.

संपल्यावर मी चपला घालून वाट बघत राहिले. सासूबाई बाहेर पायरीवर कौशल्याबाई आणि सिंधूताईंच्या मधे बसल्या होत्या. वर्षभराच्या बातम्या राहिल्या होत्या ना! कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाची म्हैस मेली, कोण कोणाशी बोलत नाही. कोणीतरी पाण्याचा तांब्या फिरवत होतं आणि तिघी बिनधास्त पीत होत्या.

"चला ना आई, जेवण थंडं होऊन राहिलं," मी म्हटलं.

"तू जाय वं पुढं," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "मी येतो मागून."

मी घरी आले. आमचे हे दुसऱ्या पाळीला गेले होते. खिडकीजवळची जागा रिकामी होती. सवयीनं तिघांची ताटं मांडली, मग दोन परत ठेवून दिली आणि एकटीच जेवायला बसले. इतक्या दिवसांत घरात मी एकटी अशी पहिल्यांदाच होते. विहाराकडून सासूबाईंच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि तो ऐकत ऐकत मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.